खडूने राखलेला लेथ

रेनाटा ब्रॉडी वर्षभर शुक्रवार पाळायची, म्हणजे त्या दिवशी मांसाला शिवायची नाही, मासा तेवढा चालायचा. इतरांनी तो उपास ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांपुरता ठेवला होता, पण आईने मरेपर्यंत पाळला म्हणून तिनेही सोडला नाही. रोज सकाळी कामाला निघण्याआधी ती माळ घेऊन बसायची, आणि रोज त्याच एका ओळीशी तिचे ओठ मिटायचे. जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, ही ती ओळ. पुढची प्रार्थना ती नीट म्हणायची, पण तेवढे शब्द गिळायची. देवासमोर बसून खोटं बोलायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. लॉयड पेकहॅमला तिने क्षमा केली नव्हती आणि करायची इच्छाही नव्हती.

बफेलोच्या दक्षिणेला, हॅम्बर्ग गावाबाहेर एक कारखाना आहे. ट्रकच्या तोंडाला बसवायचे, रस्त्यावरचा बर्फ ढकलणारे नांगर तिथे बनतात. रेनाटा तिथली खरेदी बघायची. पोलाद, रंग, बोल्ट यांची काळजी नव्हती. काळजी होती ती सिलिंडरची. नांगराचं पातं उचलणारे आणि वळवणारे तेलाच्या दाबावरचे सिलिंडर बाहेरून घ्यावे लागत, ते मागवायचे वसंतात आणि बर्फ किती पडणार ते कळायचं डिसेंबरात. जास्त मागवले तर ते गोदामात पडून राहत. कमी मागवले तर भर हिवाळ्यात नगरपालिकांचे फोन घ्यायची चोरी. सगळं एरी सरोवराच्या मर्जीवर होतं. सरोवर लवकर गोठलं की बर्फ थांबला. ते उघडं राहिलं आणि त्यावरून गार वारा सुटला, की एका रात्रीत माणसाच्या छातीएवढा थर.

म्हणून या धंद्यात एकाच पुरवठादारावर कुणी बसत नाही. थोडा माल समुद्रापलीकडून स्वस्तात आणायचा, थोडा जवळच्याकडून महाग पण लवकर मिळणारा घ्यायचा, आणि एखादा हाताशी राखून ठेवायचा, जो फोन केला की दुसऱ्या दिवशी यंत्र तुमच्या कामाला लावील. पूर्वी या राखून ठेवण्याला कागद नव्हता. खरेदीचा माणूस उन्हाळ्याच्या तोंडावर वर्कशॉपमध्ये यायचा, कॉफी प्यायचा आणि निघताना खिशातून खडू काढून लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राच्या, पत्र्यावर आपल्या कारखान्याचं अक्षर काढायचा. त्याचा अर्थ असा, की हिवाळ्यात हे यंत्र आमचं, याच्यावर दुसऱ्याचं काम चढवायचं नाही. खडू पुसला न जाईल याची काळजी वर्कशॉपवालाच घ्यायचा.

तिचे वडील थॅडियस पिलार्चिक यांचं असंच एक वर्कशॉप होतं, आणि त्यांनी ती काळजी फारच घेतली होती. तेव्हा लॉयड पेकहॅम रेनाटाच्या आताच्या, खरेदीच्या खुर्चीवर बसायचा. त्याने थॅडियसच्या मोठ्या लेथवर खडू मारला, आणि थॅडियसनी दूधवाल्या कंपनीचं चालू काम परत केलं. तो हिवाळा कोरडा गेला. लॉयडने फोन केला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तो पुन्हा आला, मागच्या वर्षीचं वाईट वाटल्याचं सांगितलं आणि पुन्हा खडू मारला. थॅडियस लेथ रोज पुसायचे, फक्त ते अक्षर सोडून. दुसरा हिवाळाही तसाच गेल्यावर वर्कशॉप लिलावात निघालं. तो लेथ कमी भावात कुणी उचलला, हे पिलार्चिकांच्या घरात बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं.

रेनाटाला ते कळलं लॉयडच्याच तोंडून. ती त्याच कारखान्यात नुकतीच कारकून म्हणून लागली होती, लग्नानंतरच्या नावाने. लॉयडच्या निरोपाच्या समारंभात ती केक कापून बशा फिरवत होती. लॉयड दोन ग्लास बिअर रिचवून रंगात आला होता. परदेशी पुरवठादाराला दरात कसं वाकवलं ते सांगताना तो म्हणाला, की समोरच्याला दाखवायला शेजारी कुणीतरी तयार उभा लागतो, खरं काम देण्याची गरज नसते. थॅडी पिलार्चिकला त्याने दोन हिवाळे नुसत्या खडूवर उभा ठेवला होता. आणि गंमत म्हणजे आता त्याचाच लेथ घेऊन आपण लॉकपोर्टला दुकान टाकतोय. लोक हसले. रेनाटाने त्याच्या हातात केकची बशी दिली आणि चमचा आणते म्हणून बाहेर गेली.

त्यानंतर ती वाट बघत राहिली. सूड घेण्यासाठी तिला कुठे जावं लागलं नाही. खुर्ची तिच्याकडे चालत आली, आणि तिच्यामागून लॉयडही आला.

झालं असं, की समुद्रापलीकडचा माल कधी जकातीत, कधी बंदरात अडकू लागला. मालक डेनिस कोलवेल वैतागला. त्याने रेनाटाला सांगितलं, की दर चार पैसे जास्त बसला तरी चालेल, पण हिवाळ्यात नांगर जोडायची लाइन थांबता कामा नये. सगळी जुळणी नव्याने कर. तिने केली. निम्मा माल परदेशातून, बाकीचा पुलापलीकडच्या फोर्ट एरीतल्या कॅनेडियन वर्कशॉपमधून. राखीव म्हणून कोण, असं डेनिसने विचारलं तेव्हा तिने लॉकपोर्टच्या पेकहॅमचं नाव सांगितलं. डेनिस खूश झाला. आपल्या घरचाच माणूस, असं म्हणाला.

मे महिन्यात ती लॉकपोर्टला गेली. दुकान नीटनेटकं होतं. बापाचा लेथ मधोमध होता, त्याला हिरवा रंग दिलेला. तिने मुद्दाम त्याच्याकडे फार बघितलं नाही. लॉयड आता सत्तरीकडे झुकला होता, पण आवाज तोच. कामाची गरज आहे हे त्याने लपवलं नाही. तिने गोड बोलून कॉफी घेतली, सरोवराच्या गप्पा मारल्या आणि निघताना पर्समधून खडू काढून त्या हिरव्या पत्र्यावर कारखान्याचं अक्षर काढलं.

"हिवाळ्यात हे आमचं," ती म्हणाली. "दुसरं काही चढवू नका."

लॉयड अक्षराकडे बघत राहिला. तो कागद मागेल, असं तिला वाटलं होतं. कागद मागितला की काय बोलायचं तेही तिने गाडीत घोकलं होतं. पण त्याने मागितला नाही. नुसती मान हलवली आणि तिला दारापर्यंत सोडायला आला. ती आनंदात होती, म्हणून तिला त्यात काही खटकलं नाही.

त्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे ती वडिलांना घेऊन चर्चच्या मासळीच्या जेवणाला गेली. लांबलचक टेबलं, तळलेला मासा, कोबीचं सॅलड, ओळखीची म्हातारी माणसं. तिने हळू आवाजात सांगितलं, की लॉयड पेकहॅमच्या लेथवर आज आपला खडू आहे, आणि त्याला काम जाणार नाही. या हिवाळ्यात नाही आणि पुढच्याही नाही. थॅडियसनी माशाचा काटा बाजूला काढला.

"कुठला लेथ?"

"आपलाच, बाबा. मोठा."

ते बराच वेळ जेवत राहिले. मग म्हणाले, "त्याला सांग, रोज थोडा फिरवत जा म्हणावं. उभा राहिला की त्याच्या डाव्या बाजूला गंज धरतो."

तिला राग आला. शाबासकी नको होती, पण निदान नजर तरी वर करायची. 

उन्हाळा गेला. लॉयडने दोनदा फोन केला, ऑर्डरचं काय म्हणून. तिने दोन्हीदा सांगितलं की बघू, अजून सरोवर काय करतंय ते बघायचंय. हे वाक्य त्याचंच होतं. वडील त्याला फोन करायचे, तेव्हा स्वयंपाकघरातल्या फोनवर तिने ते लहानपणी ऐकलं होतं. फोन ठेवला की तिला शांत झोप लागायची. मागून कळलं, की बटेव्हियाची एक कंपनी, गवताच्या पेंढ्या बांधणारी यंत्रं करणारी, लॉयडकडे चौकशी करून गेली होती. रेनाटाने हिशेब मांडला, की आता तो माणूस घरी बसून तळमळतोय, एकीकडे चालून आलेलं काम आणि दुसरीकडे खडू. वडील असेच बसायचे, खिडकीशी, कोरड्या रस्त्याकडे बघत.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हवा उबदार होती. मग एका बुधवारी वारा फिरला.

सरोवर उघडंच होतं. ढगांचा एक पट्टा पाण्यावर उभा राहिला आणि हललाच नाही. या भागातल्या लोकांना हे ठाऊक असतं, की पट्टा अरुंद असतो. रस्त्याच्या या बाजूला छतं दबतात आणि त्या बाजूला ऊन. या वेळी त्याने दक्षिणेचा सगळा काठ धरला. गावोगावचे नांगर अखंड धावून मोडू लागले आणि कारखान्यातले फोन थांबेनात. नवे नांगर द्या, निदान सिलिंडर द्या. परदेशी माल बंदरात अडकला होता. आणि फोर्ट एरीतून कुणी फोन उचलत नव्हतं, कारण तोच पट्टा पुलापलीकडे त्यांच्याही छपरावर बसला होता. पूल बंद होता. रेनाटाने जवळचा पुरवठादार मुद्दाम दुसऱ्या देशातला निवडला होता, आणि दोन्ही देश एकाच ढगाखाली गेले.

शुक्रवारी सकाळी डेनिस तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. लाइनवरचा मुकादम आयर्व्ह शिमचाक त्याच्यामागे होता. सिलिंडर दुपारपर्यंतच पुरतील, असं आयर्व्हने सांगितलं.

"तुझा राखीव माणूस," डेनिस म्हणाला. "लॉकपोर्टला ऊन पडलंय म्हणे. लाव त्याला."

तिला नाही म्हणता येईना. ज्याला काम द्यायचं नाही म्हणून सगळा खटाटोप केला, त्याच्याच दारात काम घेऊन जायची पाळी आली. फोनवर बोलणं तिला जमलं नसतं. ती निघाली. बफेलो शहराच्या उत्तरेला गेल्यावर खरोखरच आभाळ निळं झालं.

दुकानाच्या दारातूनच तिला आवाज आला. लेथ चालू होता. त्यावर चढलेल्या सिलिंडरच्या नळ्या तिच्या मापाच्या नव्हत्या. पत्र्यावर खडूची खूणही नव्हती.

लॉयडने यंत्र बंद केलं नाही. तिला जवळ येऊ दिलं आणि मग हात पुसत म्हणाला, "बर्फ पडला वाटतं तुमच्याकडे."

ती म्हणाली की हे यंत्र राखलेलं होतं.

"खडू ना? तू गाडी सुरू करायच्या आत पुसला. मागून दोनदा फोन केला तो नुसती तुझी गंमत बघायला. बटेव्हियाचं कायमचं काम घेतलंय मी, त्यांच्या नळ्या आणि माझी मजुरी." तो हसला. "पोरी, हल्ली खडू कोण मारतं? माझ्या वयाचे सगळे मेले नाहीतर फ्लोरिडाला गेले. तू खडू काढलास तेव्हाच मला कळलं, तू कुणाची ते. ज्याच्या घराला तो लागलाय, त्यालाच तो आठवतो."

 तो पुढे बोलत राहिला.

"तुझा बाप थांबला, कारण तो थांबणारा माणूस. मी खडू मारणारा. मला कसा थांबवशील?"

गेले सात महिने तिने ज्याला खिडकीशी तळमळताना पाहिलं होतं, तो तिथे नव्हताच. तिने मनात बसवला होता तो तिचा बाप, पेकहॅमचे कपडे घालून. शांत झोपेच्या त्या सगळ्या रात्री तिने पुन्हा एकदा बापालाच छळलं होतं. 

मग लॉयड धंद्यावर आला. काम अडलंय ना, मग तिप्पट दर दे. बटेव्हियाच्या नळ्या दुपारी उतरवतो आणि तुझ्या चढवतो. त्यांना सांगेन बेअरिंग गेलं. त्यांना काय कळतंय.

"नक्की उतरवाल?" तिने विचारलं.

"तू हो म्हण, जेवणाच्या सुट्टीनंतर उतरवतो."

मालकाला विचारून सांगते, असं म्हणून ती गाडीत येऊन बसली. बटेव्हियाची खरेदी कॉर्लिस वेड नावाची बाई बघत असे. खरेदीवाल्यांच्या महिन्याच्या न्याहारीला दोघी शेजारी बसायच्या. रेनाटाने तिला फोन केला आणि एक शब्दही न वाढवता सांगितलं: तुमच्या नळ्या जेवणानंतर लेथवरून उतरणार आहेत, तिप्पट दर देणारं मिळालंय, तुम्हाला बेअरिंग गेल्याचं सांगण्यात येईल. कॉर्लिसने विचारलं, तिप्पट दर देणारं कोण. रेनाटा म्हणाली, "मी. पण मी देणार नाहीये."

कॉर्लिस वेड लवकर चिडत नसे, पण चिडली की तिथेच निकाल लावायची. दोन तासांत तिचा ट्रक लॉकपोर्टला उभा होता. रेनाटा रस्त्यापलीकडे गाडीतच बसून होती. एकेक नळी बाहेर येताना तिने पाहिली. लॉयड दारात हातवारे करत होता, मग हातवारे करायचा थांबला. ट्रक गेला. लेथचा आवाज बंद झालेला तिला बंद काचेतूनही जाणवला. आता ही गोष्ट न्याहारीच्या टेबलावर जाणार, आणि तिथून प्रत्येक वर्कशॉपात. या माणसाच्या यंत्रावर पुन्हा कुणी आपला माल चढवणार नाही.

तिचा फोन वाजला. लॉयडच होता. त्याचा आवाज आता म्हातारा झाला होता. तिने केलं काय ते त्याला कळलं होतं, पण त्याने शिवी दिली नाही.

"झालं ना मनासारखं," तो म्हणाला. "यंत्र रिकामं आहे. नेहमीच्या दराने काम दे. नेहमीच्यापेक्षा कमीने दे. तुझी लाइन अडलीय, मला ठाऊक आहे."

खरं होतं ते. हो म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत पहिली खेप निघाली असती. तिने रिकाम्या दाराकडे बघितलं. तिला आयर्व्ह आठवला, डेनिस आठवला, फोनवर ओरडणारे गावोगावचे लोकही आठवले, आणि तरीही तिच्या तोंडून शांतपणे आलं, "नाही, लॉयड."

"आज तुझंच नुकसान आहे."

"असू दे."

मग तिने डेनिसला फोन लावला आणि सांगितलं की पेकहॅमचं यंत्र रिकामं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती मालकाशी उघड खोटं बोलली होती, तेही उपासाच्या दिवशी.  डेनिस म्हणाला, राखीव म्हणजे तू मला काय सांगितलं होतंस, रेनाटा? या प्रश्नाचं उत्तर सोमवारी द्यायचं ठरलं. तिच्या खुर्चीचं पुढे काय होणार ते दोघांनाही ठाऊक होतं. दुपारी लाइन थांबली. बंदरातला माल सुटेपर्यंत कामावर येऊ नका, असं सांगून नाताळाच्या तोंडावर माणसं घरी पाठवण्यात आली.

ती वडिलांच्या गल्लीत पोचली तेव्हा रस्ता अजून मोकळा झाला नव्हता. गाडी कोपऱ्यावर सोडून ती मांडीएवढ्या बर्फातून चालत गेली. थॅडियस व्हरांड्यात फावडं घेऊन उभे होते. त्यांनी दुसरं फावडं तिच्याकडे दिलं. तिने पायऱ्या मोकळ्या करता करता सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतःच्या खोटेपणासकट. लॉयडचा आवाज कसा झाला होता ते तिने दोनदा सांगितलं.

 ती थांबल्यावर ते म्हणाले, "लाइनवरचे कोण कोण घरी गेले?"

तिने नावं सांगायला सुरुवात केली. आयर्व्ह शिमचाकचं नाव तिने शेवटी घेतलं. आयर्व्ह आधी बाबांकडे लेथवर होता. दुकान बंद झाल्यावर नांगराच्या कारखान्यात गेला होता. म्हणजे त्याला घरी बसवायची पिलार्चिकांची ही दुसरी खेप.

"त्याच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे जानेवारीत," थॅडियस म्हणाले. "रविवारी चर्चमध्ये सांगत होता."

रेनाटाने फावडं बर्फात खुपसलं आणि त्यावर रेलून उभी राहिली. वारा पडला होता, पण आभाळ अजून भरलेलंच होतं. तिने स्वतःच्या मनात शोधून बघितलं आणि जे सापडलं ते प्रामाणिकपणे सांगितलं.

"तरी मला वाईट वाटत नाहीये, बाबा. त्याच्याबद्दल जरासुद्धा नाही."

"वाटेल," ते म्हणाले. "घाई नाही."

मग ते फाटकाच्या बाजूने बर्फ काढू लागले, आणि ती पायऱ्यांच्या बाजूने.